चक्क्याच्या पाण्यापासून अमायलॉइड फायब्रिल करायला गेले आणि आईचं जर्मनचं पातेलं घालवलं, कुठे चुकलं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी एमएस्सी बायोकेमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. पंचवटीत घरची छोटी डेअरी आहे, दूध दही पनीर, आणि पाडव्याच्या आधी आठ दिवस नुसता चक्का. त्या आठ दिवसांत मागच्या खोलीत हुकांना फडकी टांगलेली असतात, खाली बादल्यांत ते पिवळट-हिरवट पाणी रात्रभर टपटपत असतं नी सकाळी बाबा सगळं मोरीत ओततात. लहानपणापासून बघतेय, कधी काही वाटलं नाही.

या सेमिस्टरला सेमिनारसाठी अमायलॉइडचे नॅनोमटेरियल हा विषय मिळाला आणि वाचता वाचता झोप उडाली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मेझेंगांच्या ग्रुपने २०१६ मध्ये दुधाच्या व्हे प्रोटीनपासून, म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनपासून, अमायलॉइड फायब्रिल (प्रोटीनचे अतिशय बारीक धागे) केले, ते ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये मिसळून फिल्टरचा पडदा केला आणि त्यातून शिसं, पारा असलं पाणी गाळलं तर एका फेरीत धातूचं प्रमाण हजार पटीपासून लाख पटीपर्यंत खाली आलं. लाख पट! आणि कच्चा माल काय, तर चीज करून उरलेलं पाणी. मला लगेच आमच्या बादल्या दिसायला लागल्या. सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदावरी साफ करायच्या बातम्या रोज, अंबड-सातपूरला प्लेटिंगची, म्हणजे धातूचा मुलामा द्यायची, युनिट आहेत, म्हटलं प्रोजेक्ट जमला. सर म्हणाले आधी फायब्रिल करून दाखव, मग नदीचं बघू.

तर मी काय केलं ते सांगते. २ लिटर चक्क्याचं पाणी आधी मलमलमधून मग फिल्टर पेपरमधून गाळलं, हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच पेपरवर २ आणला, आणि लॅबमध्ये वॉटर बाथ रिकामा नव्हता म्हणून घरी गच्चीवरच्या शेगडीवर आईच्या जुन्या जर्मनच्या पातेल्यात थर्मामीटर लावून ८५ ते ९० डिग्रीला ५ तास ठेवलं. पेपरमध्ये हेच आहे ना, पीएच २, ९० डिग्री, ५ तास. मिळालं काय तर फिकट चहासारखं पाणी, साखर जळाल्याचा वास आणि तळाला पांढरा भुगा. काँगो रेड (अमायलॉइड ओळखायचा डाय) टाकून बघितला तर निळा नाही, धड लालही नाही, काहीतरी विचित्र जांभळट रंग आला. पातेलं आतून खरखरीत झालं आणि आईने जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो पांढरा भुगा म्हणजे फायब्रिल असू शकतात का? नसतील तर कुठे चुकलं?

मिसळ_विथ_पाव

विषय डोक्यावरून गेला ताई, पण ते पाणी मोरीत कशाला ओतता? आमच्याकडे पनीरच्या पाण्यात कणीक भिजवतात, पोळ्या लुसलुशीत होतात. नदी नंतर साफ करा.

निफाडकर

पहिल्यांदा एक, ॲसिड घरी नेऊन शेगडीवर तापवायचं नाही. पुन्हा असं केलेलं वाचलं तर उत्तर देणार नाही. आता मुद्द्यावर येतो.

माझी पीएचडी याच धाग्यांवर झालीये त्यामुळे तुझी पोस्ट वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण तू केलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात, फक्त जर्मनचं पातेलं वापरलं नव्हतं. तो भुगा फायब्रिल नाही. आणि तुझ्या काँगो रेडनेच चोर पकडून दिलाय, तुझ्या लक्षात आलं नाही. काँगो रेड हा अमायलॉइडचा डाय आहेच पण त्याच्याही आधी तो पीएचचा इंडिकेटर आहे, ३ च्या खाली निळा, ५ च्या वर लाल, मधे जांभळट. तुझं द्राव खरंच २ ला असतं तर ते निळं व्हायला पाहिजे होतं. जांभळट झालं म्हणजे पीएच कुठेतरी ४ च्या आसपास चढला. का चढला? जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियम. गरम ॲसिड ५ तास ॲल्युमिनियम खात बसलं, ॲसिड संपत गेलं, ॲल्युमिनियमचे आयन पाण्यात उतरले. कडेने बारीक बुडबुडे येत असतील, तू उकळी समजली असशील, तो हायड्रोजन. उरलेलं द्राव ठेवलं असशील तर पीएच पेपर बुडवून बघ आणि इथे सांग.

हे महत्त्वाचं का आहे, तर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ५ च्या जरा वर आहे. तिथे रेणूवर निव्वळ चार्ज नाही, एकमेकांना ढकलायला काही नाही, त्यामुळे तापवलं की ते कसेही एकमेकांना चिकटतात आणि भुगा होतो. पीएच २ ला प्रत्येक रेणूवर भरपूर पॉझिटिव्ह चार्ज असतो, सगळे एकमेकांपासून फटकून राहतात, त्यामुळे चिकटायचं तर फक्त एकाच नीट पद्धतीने, रांगेत, चिकटता येतं. शिस्त लागते म्हण ना. शिवाय त्या ॲसिडमध्ये ९० डिग्रीला प्रोटीन हळूहळू तुटतं, १६२ अमिनो ॲसिडच्या साखळीचे छोटे छोटे पेप्टाइड होतात, आणि धागा मुख्यतः त्या तुकड्यांचाच बनतो, अख्ख्या प्रोटीनचा नाही. म्हणून ५ तास लागतात. नुसतं गरम करून होत नाही.

धागा आतून कसा असतो ते डोळ्यासमोर आण. शिडी घे, लांबच लांब. पायऱ्या म्हणजे पेप्टाइडचे ताणलेले पट्टे, ते धाग्याच्या लांबीला आडवे असतात, दोन पायऱ्यांमधे साधारण ०.४७ नॅनोमीटर, आणि त्या हायड्रोजन बाँडने धरलेल्या. अशा दोन-चार शिड्या एकमेकींना पाठ लावून उभ्या, मधे साधारण १ नॅनोमीटर. याला क्रॉस-बीटा म्हणतात. जाडी काही नॅनोमीटर आणि लांबी कित्येक मायक्रॉन, म्हणजे आमच्या निफाडकडच्या द्राक्षबागेतली मांडवाची तार जाडीच्या मानाने जशी लांब, तसं प्रकरण. कडकपणा रेशमाच्या धाग्याच्या तोडीचा, काही गिगापास्कल. आणि हे सगळं आपलं आपण जुळतं, साचा नको, मशीन नको. मटेरियलवाले यांच्या मागे लागले ते उगाच नाही.

पण समजा तू काचेच्या बाटलीत केलं असतंस, पीएच २ टिकला असता, तरी चक्क्याच्या पाण्यातून काही निघालं नसतं, आणि ही खरी मेख आहे. तुम्ही चक्क्यासाठी दही लावता ते उकळलेल्या दुधाचं ना? दूध ७५-८० च्या पुढे गेलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडतं, त्याच्या पोटात सिस्टीन नावाचं एक मोकळं अमिनो ॲसिड लपलेलं असतं ते बाहेर येतं आणि केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, त्यातल्या कप्पा-केसीनला डायसल्फाइड बाँडने जाऊन चिकटतं. मग दही लागलं की ते प्रोटीन केसीनबरोबर दह्यात, आणि फडक्यात टांगलं की चक्क्यात. म्हणजे तुला हवा होता तो माल तुमच्या गिऱ्हाइकांनी श्रीखंडात खाल्ला. बादलीत उरलं लॅक्टोज, क्षार, लॅक्टिक ॲसिड आणि थोडं किडुकमिडुक. साखर जळाल्याचा वास आणि चहाचा रंग लॅक्टोजचा. पनीरच्या पाण्याचंही तेच, दूध उकळूनच फाडतो आपण. परदेशातल्या पेपरात व्हे म्हणतात तेव्हा ते बहुतेक चीजचं व्हे असतं, तिथे दूध फार तापवत नाहीत, रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) घालून केसीन वेगळं काढतात, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन पाण्यात शाबूत राहतं. शब्द एकच, पाणी वेगळं.

चित्पावन_नाही_पण_सुगरण

गोदाकाठची, निफाडकर म्हणतायत ते शंभर टक्के बरोबर आहे हो, रसायन मला कळत नाही पण कच्च्या दुधाला विरजण लावलं तर दही कधी घट्ट लागत नाही, वर पाणी सुटतं, हे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. दूध चांगलं उकळून, कोमट करून मगच विरजण. कवडी पडल्यासारखं दही लागतं. आता ४० वर्षांनी कळलं की ते पाण्यातलं प्रोटीन दह्यात अडकतं म्हणून. पातेल्याला चिंच लावून घास, नाही निघालं तर त्यात कुंडी कर.

निफाडकर

काकू तुम्ही एका ओळीत सांगितलंत ते सांगायला मला पॅराग्राफ लागला.

गोदाकाठची

अरे देवा. पीएच बघितला, ४ आला. बुडबुडे पण होते, मी खरंच उकळी समजून गॅस कमी केला होता. आणि काकू, पातेलं चिंचेनेही गेलं नाही.

मग आता कच्चं दूध घेऊन करू का? घरी दूध भरपूर आहे. की जिमवाल्यांची व्हे पावडर?

आजीचा_नातू

मला यातलं फार कळत नाही पण एक विचारायचं होतं. माझ्या आजीला अल्झायमर होता, शेवटी मला ओळखत पण नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी मेंदूत अमायलॉइड साठतं असं सांगितलं होतं. तेच अमायलॉइड हे? आणि त्यातून पाणी गाळून प्यायचं? वाचून अंगावर काटा आला. राग मानू नका.

निफाडकर

राग कसला, पहिला प्रश्न हाच यायला पाहिजे.

घडण तीच, माणूस वेगळा, असं म्हणता येईल. अमायलॉइड हे एका प्रोटीनचं नाव नाही, ती रचना आहे, वर सांगितलेली शिडी. अल्झायमरमध्ये ती शिडी ए-बीटा नावाच्या पेप्टाइडची असते, इथे दुधातल्या प्रोटीनच्या तुकड्यांची. नावच मुळात गैरसमजातून आलंय. १८५४ मध्ये विर्शोने मेंदूतल्या ठिपक्यांवर आयोडीन टाकलं, शाळेत आपण बटाट्यावर टाकतो तसं, रंग बदलला, त्याला वाटलं स्टार्च आहे, म्हणून अमायलॉइड, स्टार्चसारखं. नंतर कळलं प्रोटीन आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आणि गंमत म्हणजे १९३५ मध्ये ॲस्टबरीने उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ताणून त्यावर एक्सरे मारले तेव्हा हाच क्रॉस-बीटाचा नमुना त्याला दिसला होता. रोगाचा काही संबंध नाही, नाश्त्याचं अंडं.

बरीच वर्षं असं समजत होते की ही काही ठरावीक रोगी प्रोटीनची खोड आहे. १९९८ च्या सुमारास डॉब्सनच्या ग्रुपने ज्याचा कुठल्या रोगाशी संबंध नाही अशा साध्या प्रोटीनचेही फायब्रिल करून दाखवले. परिस्थिती जुळली की जवळपास कुठलंही प्रोटीन हे करू शकतं. आणि निसर्ग ते मुद्दाम वापरतो पण. ई. कोलाय स्वतःच्या अंगावर कर्ली नावाचे अमायलॉइड धागे वाढवतो, पृष्ठभागाला चिकटून राहायला. आपल्या कातडीचा रंग तयार होतो तिथे मेलॅनिन ज्या धाग्यांवर बसतं ते पण अमायलॉइड, हे २००६ ला कळलं. २००९ मध्ये समीर माजी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिट्यूटरी ग्रंथीतले कित्येक हार्मोन शरीर अमायलॉइडच्या गोळ्या करून साठवून ठेवतं आणि लागेल तेव्हा सोडतं. माजी सर आता आयआयटी बॉम्बेला आहेत, त्यांच्या लॅबने अमायलॉइडचे हायड्रोजेल करून त्यावर स्टेम सेल वाढवल्यात. म्हणजे नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने जाऊन भेटता येईल इतक्या अंतरावर हे काम चालू आहे.

आता धोक्याचं. रोगात जे जास्त विषारी मानतात ते पूर्ण वाढलेले लांब धागे नाहीत, त्याच्या आधीचे अर्धवट छोटे गठ्ठे, ऑलिगोमर. २०२३ मध्ये खाण्यातल्या प्रोटीनच्या, त्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन पण आलं, फायब्रिलवर पेशींमध्ये आणि प्राण्यांमध्ये तपासणी झाली, पोटात बहुतांशी पचतात आणि विषारीपणा दिसला नाही असं निघालं. पण ते काम ईटीएचच्याच ग्रुपचं आहे हेही लक्षात ठेव, आणि दुसऱ्या बाजूला २००७ चं एक काम आहे, फ्वा-ग्रा म्हणजे बदकाच्या यकृताच्या पदार्थातले अमायलॉइड काढून उंदरांना दिले तर आधीच प्रवण असलेल्या उंदरांत दुसऱ्या प्रकारचा अमायलॉइडचा रोग लवकर सुरू झाला. ते प्रोटीन वेगळं, उंदीर मुद्दाम तयार केलेले, पण सगळे अमायलॉइड निरुपद्रवी असं सरसकट म्हणणारा माणूस एकतर विकतोय काहीतरी नाहीतर वाचत नाही. मी स्वतः वाळवलेल्या पावडरशी मास्क लावूनच काम करतो.

तुमच्या आजीचं वाईट वाटलं.

आजीचा_नातू

धन्यवाद दादा. इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

प्लेटिंगवाला_अंबड

मी एका प्लेटिंग युनिटचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, बघतो, १४ वर्षं झाली. पोरीचा उत्साह चांगला आहे पण जमिनीवर आणतो.

ताई तुमच्या पेपरात शिसं पारा आहे. आमच्या पाण्यात मुख्य डोकेदुखी क्रोमियम सहा. शिसं पाण्यात पॉझिटिव्ह आयन म्हणून फिरतं, क्रोमियम सहा क्रोमेट म्हणून फिरतं, निगेटिव्ह. एकाला पकडणारी गोष्ट दुसऱ्याला पकडेलच असं धरू नका, तुमच्या हातात आकडे आल्याशिवाय. आम्ही काय करतो, पिवळं-नारिंगी पाणी आधी ॲसिडमध्ये नेतो, पीएच २-३, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट, क्रोमियम सहाचं तीन होतं, रंग हिरवा पडतो, तो हिरवा बघितल्याशिवाय मी पुढची व्हॉल्व्ह उघडत नाही. मग चुना घालून ८-९ ला आणायचं, गाळ बसतो, फिल्टर प्रेस, गाळाचे केक पोत्यात. स्वस्त आहे, चालतं. नदीत सोडायला क्रोमियम सहाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २.

आणि त्या पाण्यात फक्त धातू नसतो, तेल असतं, साबण असतो, पॉलिशचा मळ असतो. तुमचा नॅनो पडदा पहिल्या १० मिनिटांत चोंदेल. म्हणजे उपयोग नाही असं नाही म्हणत. पण पहिल्या टाकीत नाही, शेवटच्या टाकीनंतर. गाळ बसवून वरचं स्वच्छ पाणी निघतं त्यात जो थोडासा निकेल, जस्त उरतो तो चुन्याने निघत नाही, तिथे असलं काही स्वस्तात मिळालं तर मी स्वतः ट्रायल घेईन, मालकाला पटवायचं माझ्याकडे लागलं. एक विचारतो, पडदा भरला की त्याचं काय करायचं? तोही घातक कचराच ना मग?

निफाडकर

भाऊ, नेमक्या जागी बोट ठेवलंत. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनमध्ये १२१ नंबरवर जो सिस्टीन आहे त्याच्या आसपासचा भाग धातूला धरतो, म्हणून जड धातूंवर ते जोरात चालतं. कार्बन वेगळं काम करतो, दोघे मिळून पडदा होतो. भरल्यावर धातू परत काढता येतो हाच त्या लोकांचा मोठा दावा आहे, खासकरून सोनं, पॅलेडियम असल्या महाग धातूत. निकेलच्या भावात परवडेल का ते तुम्हीच हिशोब करून सांगा. आणि क्रोमेटबद्दल तुम्ही म्हणालात तसं, गोदाकाठचीने सुरुवात क्रोमियमपासून करू नये. शिसं किंवा तांब्याचं लॅबमध्ये बनवलेलं द्राव घे बाई. तांबं तर रंगावरूनही कळतं.

सराफकट्टा

सोनं म्हणालात? आमचं सराफ बाजारात तीन पिढ्यांचं दुकान. दुकानातली झाडलेली माती आमच्याकडे अजून झारेकरी घेऊन जातात, धुऊन त्यातला कण न् कण काढतात. हे प्रोटीनवालं त्याहून भारी आहे का?

निफाडकर

मातीतल्या कणांसाठी झारेकरीच भारी. हे ॲसिडमध्ये विरघळलेल्या सोन्यासाठी. २०२४ मध्ये त्याच ईटीएचच्या ग्रुपने व्हेच्या फायब्रिलचा जेल वाळवून स्पंज केला, २० जुने कॉम्प्युटर मदरबोर्ड घेऊन त्यांचे धातूचे भाग ॲसिडमध्ये विरघळवले, स्पंज त्यात बुडवला. तांबं, लोखंड सगळं होतं पण स्पंजने सोनं जास्त आवडीने धरलं. मग स्पंज तापवला, आयनचं सोनं झालं, वितळवून ४५० मिलिग्रॅमचा गोळा निघाला, ९१ टक्के सोनं बाकी तांबं. म्हणजे तुमच्या भाषेत २२ कॅरेटच. कच्चा माल आणि वीज धरून खर्च निघालेल्या सोन्याच्या किमतीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, असं त्यांनी मांडलंय. ॲसिड आणि धुराचा विचार मात्र घरी करू नका, गल्लीबोळात बोर्ड जाळून सोनं काढणारे कसे खोकतात ते सगळ्यांना माहितीये.

अजून एक तुमच्या धंद्यातलं. २००३ मध्ये लिंडक्विस्ट यांच्या लॅबने यीस्टच्या प्रोटीनच्या अमायलॉइड धाग्यावर सोन्या-चांदीचा मुलामा चढवून साधारण १०० नॅनोमीटर जाडीची तार केली, वीज वाहणारी. त्याच वर्षी इस्रायलच्या गाझित यांच्या लॅबने दोनच अमिनो ॲसिडच्या पेप्टाइडच्या नळ्या केल्या आणि आत चांदी ओतून वरची नळी काढून टाकली. तार ओढायची पट्टी नाही, साच्याला छिद्र पाडायचं नाही, साचा स्वतःच उगवतो.

सराफकट्टा

१०० नॅनोमीटरची तार. आमचा कारागीर बारीक तार ओढली की मिशीला ताव देतो, त्याला हे सांगत नाही.

निफाडकर

आता गोदाकाठची, तुझा प्रश्न राहिला. कच्च्या दुधातून करता येतं. साय काढलेलं कच्चं दूध न तापवता पीएच ४.६ ला आणायचं, केसीन खाली बसतं, गाळायचं, पाण्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन शाबूत मिळतं. पण १०० मिलीत एक ग्रॅम पण प्रोटीन नाही आणि लॅक्टोज साडेचार, शिवाय क्षार, ते सगळं डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवून, काढावं लागेल. क्षार राहिले तर चार्ज झाकला जातो आणि लांब सरळ धाग्यांऐवजी आखूड वळवळणारे किडे होतात. वेळ कमी असेल तर पावडर घे, पण आयसोलेट, कॉन्सन्ट्रेट नाही, आणि विनाफ्लेवर. चॉकलेटवाली आणलीस तर मी हा धागा सोडून जाईन. पाण्यात विरघळव, पीएच ४.६-४.७ ला आणून सेंट्रिफ्यूज कर म्हणजे कारखान्यात तापून बिघडलेलं प्रोटीन खाली बसेल, वरचं घेऊन पीएच २, त्याच पीएचच्या पाण्यात डायलिसिस, मग २ टक्के प्रोटीन ठेवून झाकणाची काचेची बाटली, मॅग्नेटिक स्टिरर, ९० डिग्री, ५ तास, आणि संपलं की लगेच बर्फात. लॅबमध्ये. वॉटर बाथ रिकामा होईपर्यंत थांब, दोन दिवसांनी जग बुडत नाही.

झालं की नाही हे बघायला टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) कशाला, ते शेवटी आयआयटी बॉम्बेच्या सैफ या उपकरण केंद्राला सॅम्पल पाठवून करून घे. आधी फुकटातली गोष्ट. एमजी रोडला मोबाईल रिपेअरवाल्याकडे फुटलेला एलसीडी डिस्प्ले माग, त्याची पोलरायझरची फिल्म सोलून घे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघड, स्क्रीनचा उजेड आधीच पोलराइज्ड असतो. फिल्म डोळ्यासमोर धरून फिरव, एका कोनात स्क्रीन काळीकुट्ट होईल. मधे बाटली धर आणि हलव. साधं पाणी काळंच राहतं. फायब्रिल असतील तर हलवल्यावर आत उजेडाच्या रेघा उठतात, कारण प्रवाहात धागे एका दिशेने वळतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या सगळ्यांना उठवलं होतं.

टीएचटी (अमायलॉइडला चिकटून चमकणारा डाय, थायोफ्लेविन टी) करशील तेव्हा पीएच २ मध्येच टाकू नको, तिथे नीट चमकत नाही. पीएच ७ च्या बफरमध्ये डाय घे आणि त्यात सॅम्पलचे थेंब, ४५० नॅनोमीटरचा उजेड दे, ४८० च्या आसपास चमक बघ.

गोदाकाठची

(तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, पाडव्याचा सीझन होता, रात्री फडकी पिळून हात गेले. वॉटर बाथ मंगळवारी मिळाला. विनाफ्लेवर आयसोलेट, चार दिवस डायलिसिस, काचेची बाटली, सगळं तुम्ही सांगितलं तसं. ५ तासांनी बाटली काढली तर आधी निराशाच झाली, भुगा नाही, गाळ नाही, रंग नाही, नुसतं पाण्यासारखं, तिरकी केली तर जरासं दाट, पातळ पाकासारखं. म्हटलं परत गेलं.

मग लॅबमधलेच लाईट बंद करून मैत्रिणीचा लॅपटॉप लावला, फिल्म फिरवून काळं केलं, बाटली मधे धरली. काही नाही. हलवली आणि आत पांढऱ्या रेघा फिरल्या, धुरासारख्या, थांबवली की दोन-तीन सेकंदांत विझल्या. परत हलवली, परत. मैत्रीण म्हणाली दे मला, मी दिली नाही.

निफाडकर

बाटली काचेचीच होती ना? प्लास्टिकची असली तर प्लास्टिकमधला ताण पण असाच चमकतो, रंगीत. मी एकदा दोन आठवडे क्युव्हेटचा, म्हणजे सॅम्पलच्या प्लास्टिकच्या डबीचा, ताण बघत होतो. आणि न तापवलेलं तेच प्रोटीन दुसऱ्या बाटलीत ठेवून बघितलंस का?

गोदाकाठची

काचेची. न तापवलेली बाटली शेजारी धरून बघितली, ती काळीच, कितीही हलवा. टीएचटी सोमवारी. सर म्हणाले कॉपर सल्फेट मागवतो.

प्लेटिंगवाला_अंबड

तांब्याचे आकडे आले की इथेच टाका. निकेलचं शेवटच्या टाकीतलं ५ लिटर पाणी बाजूला काढून ठेवलंय, आमच्या साहेबांची परवानगी घेऊन. कॅन प्लास्टिकचा आहे, चालेल ना?

चित्पावन_नाही_पण_सुगरण

आणि आईला नवीन पातेलं घेऊन दिलंस का?